एका जाकिटाचे तास

सोमवार, १ जुलै १८३३

आज आमचा श्रमबाजार उघडला. उघडला म्हणजे दार उघडलं. आत कुणी आलं नाही. आमचे अध्यक्ष लव्हीबाँडसाहेब लंडनचे. त्यांनी मोठ्या हौसेने सोमवारचा मुहूर्त धरला. बर्मिंगहॅममध्ये सोमवारी एकही कारागीर हातात हत्यार धरत नाही, आम्ही त्या दिवसाला ‘संत सोमवार’ म्हणतो आणि त्याची आराधना गुत्त्यात बसून करतो, हे त्यांना कोण सांगणार? खरं तर मीच सांगायला हवं होतं. बैठकीत दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा नुसता खोकलो.

साहेब दिवसभर नवा कोट घालून दारात उभे होते. चार वाजता एक कुत्रा येऊन गेला.

तरीही योजना उत्तम आहे. इथे नाणं चालत नाही. कारागिराने आपली वस्तू आणायची, ती करायला किती तास लागले ते सांगायचं आणि तेवढ्या तासांची चिठ्ठी घ्यायची. त्या चिठ्ठीवर फडताळातली तेवढ्याच तासांची दुसऱ्या कुणाची वस्तू उचलायची. शिंप्याचा तास, सुताराचा तास, सगळे सारखे. मधे दुकानदार नाही, दलाल नाही. सांगितलेले तास खरे की थापा, हे ठरवायला एक पारखी नेमलाय. तो मी, ईनॉक टँटर, वय सत्तेचाळीस, धंदा पितळी बटणांचा, एकटा जीव.

वडील बुटांची बकलं घडवायचे. मी दहा वर्षांचा असताना लोक बुटांना नाड्या बांधायला लागले आणि एका हिवाळ्यात आमच्या घरातला सगळा माल भंगार झाला. बकलं तीच, मेहनत तीच. मग मोल गेलं कुठे? हा प्रश्न मला अजून छळतो. इथे तसं होणार नाही. इथे तास एकदा लिहिला की लिहिला.

बुधवार, ३ जुलै

आज गर्दी! पहिला आला ओबादाया क्रम्प. माझा जुना ओळखीचा, धंद्याने सुतार. त्याने टेबलावर एक तीनपायी स्टूल ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, “चाळीस तास.”

“चाळीस? अरे, याला तीन पाय आहेत.”

“चौथा लावायचा की नाही यातच एक दिवस गेला.”

चौकशी केल्यावर कळलं की चाळीसात सोमवारचे नऊ तासही धरलेत. मी म्हटलं, सोमवारी तर तू गुत्त्यात होतास. म्हणाला, “होतो. पण स्टूल डोक्यात होतं ना.” सोमवार मी ठामपणे कापला आणि एकतीस तासांची चिठ्ठी दिली. पारखी म्हणून ही माझी पहिली कडक कारवाई.

त्याच्यामागे एक विधवा बाई उभी होती, केझाया पेल. नवऱ्याच्या पश्चात शिवणकामावर पोट भरते. तिने एक जाकीट पुढे केलं. असली शिलाई मी कधी पाहिली नव्हती. टाका शोधायला भिंगाची गरज पडावी.

“पाच तास,” ती म्हणाली.

मी जाकीट उजेडात धरलं, उलटसुलट केलं. “पाच?”

“बरं, साडेचार. मधे चहा प्यायले.”

साडेचारची चिठ्ठी लिहिली. बाई प्रामाणिक आहे. क्रम्पच्या स्टुलाकडे बघून हसली मात्र उगीचच.

मंगळवार, ९ जुलै

पेलबाईंची जाकिटं फडताळात टिकतच नाहीत. चिठ्ठीवरची शाई वाळायच्या आत कुणीतरी उचलून नेतं. बाहेर कापडवाल्याकडे तसल्या जाकिटाला दुप्पट पडतात म्हणे. उलट क्रम्प घरात साठलेली जुनी स्टुलंही आणतोय; आता चार झाली, चारही जागच्या जागी. माझा हिशेब मात्र चोख आहे.

पेलबाई आज टेबलापाशी अंमळ रेंगाळल्या. “अहो टँटर, मला एक समजावून सांगा. क्रम्पनी एक स्टूल दिलं आणि त्या चिठ्ठीवर माझी जवळजवळ सात जाकिटं नेता येतात. बरोबर?”

“तास सारखे आहेत, बाई. न्याय तो न्याय.”

“म्हणजे मी वीस वर्षं हात चालवायला शिकले, त्याचा दंड भरतेय?”

मी म्हटलं, अशा दृष्टीने बघू नये. त्यावर त्या म्हणाल्या की उद्यापासून डाव्या हाताने शिवते. बाईंचा स्वभाव थट्टेखोर आहे. मला थट्टा पटकन कळत नाही, पण त्यांच्या आवाजावरून अंदाज आला.

जाताना सांगून गेल्या की कोव्हेंट्रीला त्यांचा भाऊ आहे, फिती विणतो, पाच पोरं आहेत आणि बायको गेली. घर सांभाळायला ये म्हणून मागे लागलाय. “मायकेलमसच्या सणापर्यंत पाहते,” त्या म्हणाल्या. “तोवर इथे माझा जीव रमण्याजोगं काही निघालं तर ठीक. नाहीतर सप्टेंबरअखेर पेटी बांधते आणि जाते. मग कायमची.”

असली शिवणारी गेली तर श्रमबाजाराचं फार नुकसान होईल. तशी नोंद करून ठेवली आहे.

शनिवार, २० जुलै

आज बैठकीत मी एक सूचना मांडली आणि ती एकमताने पास झाली. ज्याच्या तासांविषयी शंका असेल, त्याने माझ्या खोलीत, भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून ती वस्तू करून दाखवायची. लव्हीबाँडसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

अर्थातच पहिला मान क्रम्पचा.

शुक्रवार, २६ जुलै

क्रम्प खोटारडा नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लिहिलं पाहिजे. मंगळवारपासून चार दिवस तो माझ्यासमोर बसून होता. रंधा मारतो, थांबतो, रंध्याकडे बघतो. मग मेहुण्याची गोष्ट सांगतो. गोष्ट सांगताना हात चालत नाहीत आणि हात चालताना तोंड चालत नाही. एक पाय तासायला त्याला एक सबंध दिवस लागतो, तोही मनापासून. स्टूल झालं तेव्हा घड्याळाने बेचाळीस तास दाखवले.

“बघ,” तो म्हणाला, “मी तुला दोन तास कमी सांगितले होते.”

मुकाट्याने बेचाळीस लिहिले.

बुधवार, ३१ जुलै

पेलबाई आज येऊन म्हणाल्या, “माझ्यावर शंका घ्या.”

मी म्हटलं, “पेलबाई, तुमच्यावर कुणाचीच शंका नाही.”

“घ्या हो एकदा तरी. त्या क्रम्पवर घेतलीत, माझ्यावर घ्यायला काय होतं?”

नियमात असं कुठे लिहिलेलं नाही की स्वतःवर शंका मागून घेता येत नाही. मी होकार दिला. त्यांनी खिडकीशी खुर्ची ओढली आणि करड्या-हिरव्या लोकरीचं कापड मांडीवर पसरलं. कापड झकास होतं. जाकीट कुणाचं आहे, असं मी नोंदीसाठी विचारलं.

“आहे एका आडव्या बांध्याच्या माणसाचं. मापाला हाताशी सापडत नाही, घाईत असतो. तुम्ही साधारण त्याच्याच अंगाचे दिसता. जरा उभे राहता का?”

उभा राहिलो. खांदे, छाती, पोट. पोटाचं माप घेताना त्या “हं” म्हणाल्या, ते मला आवडलं नाही. तो जो कोण माणूस आहे त्याने बाईंचा एवढा वेळ घेऊन मापालाही येऊ नये, हा निव्वळ उर्मटपणा आहे.

सोमवार, १२ ऑगस्ट

सोमवार असूनही पेलबाई आल्या. सबंध इमारतीत आम्ही दोघंच. अकरा तास झाले आणि जाकिटाची फक्त एक बाजू उभी आहे. त्यात आज त्यांनी गेल्या गुरुवारची शिवण उसवली. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “मनासारखी नव्हती.” मला तरी ती निर्दोष वाटली होती.

त्यांनी पाव, चीज आणि कांद्याचं लोणचं आणलं होतं. दोघांना पुरेल एवढं, चुकून. जेवताना वडिलांचा विषय निघाला. कसा निघाला कुणास ठाऊक, मी तो कधी काढत नाही. बकलांचं सगळं सांगितलं. शेवटी वडील ती वितळवायला न्यायचे तेही सांगितलं.

“सुंदर होती?” त्यांनी विचारलं.

“शहरात तशी दुसरी नव्हती.”

“मग तुमच्या आईने बुटांना काय लावलं होतं?”

मी आठवून पाहिलं आणि मला नवल वाटलं. “बकलं. मरेपर्यंत बकलंच. शेजारच्या बायका हसायच्या तिला.”

त्या सुईत दोरा ओवत राहिल्या. मी हे कुणाला इतकं सांगितलं नव्हतं.

जेवणाचा अर्धा तास घड्याळातून वजा केला.

शनिवार, २४ ऑगस्ट

सव्वीस तास! एका जाकिटाला! साडेचार तासांत जाकीट शिवणारी बाई एका काजाला दोन-दोन तास लावते. दुसऱ्या बाजूला बाजारात त्यांचा नवा माल येणं बंद झालंय, कारण बाईंचं सगळं लक्ष या एकाच जाकिटात असतं. गिऱ्हाइकं येऊन क्रम्पची स्टुलं बघतात आणि परत जातात.

क्रम्पच्या मनाला ते फार लागलंय. “बर्मिंगहॅममधला सगळ्यात संथ हात म्हणून माझं नाव होतं,” तो म्हणाला, “आणि ही बाई मला धूळ चारतेय.”

मला झोप नीट लागत नाही. मी खरं काय ते इथे लिहितो. मला वाटतं, पेलबाई तास वाढवून घेताहेत. क्रम्पचं पाहून त्या शिकल्या. डाव्या हाताने शिवते म्हणाल्या ती थट्टा नव्हतीच. एवढी सरळ बाई आमच्याच नियमाने बिघडली, आणि तो नियम मी केलेला. आणखी एक कबूल केलं पाहिजे: त्या येतात ते दिवस बरे जातात. म्हणूनच मी आजवर गप्प बसलो, आणि पारख्याने असं करणं म्हणजे शुद्ध लाचखोरी.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

बोललो.

जाकीट आज पुरं झालं. बाईंनी ते झटकलं, माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, “कसं वाटतं?” त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी जवळजवळ माघार घेतली असती. पण क्रम्प दारात उभा होता आणि कर्तव्य ते कर्तव्य.

मी म्हटलं, “पेलबाई, हे साडेचार तासांचं काम आहे. साडेचारच्या वर चिठ्ठी मिळणार नाही. बाकीचे तास तुम्ही उगीच लावलेत.”

त्यांचे कान लाल झाले. “किती झाले सगळे मिळून?”

“एकतीस तास, वीस मिनिटं.”

“वीस मिनिटंसुद्धा?”

“घड्याळ समोर आहे.”

“आणि एवढे एकतीस तास तुम्ही इथे बसून घड्याळच बघत होतात?”

मी म्हटलं, तेच माझं काम आहे. त्यांनी जाकिटाची घडी घातली, सुया डबीत ठेवल्या, डबी बंद केली. चिठ्ठी घेतलीच नाही. साडेचार तासांचीसुद्धा नाही. दारातून क्रम्पला बाजूला सारून गेल्या.

क्रम्प म्हणाला, “टँटर, मी आजवर स्वतःला संथ समजत होतो.”

याचा अर्थ मला कळला नाही. मी विचारल्यावर त्याने सांगितलाही नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

पेलबाई आलेल्या नाहीत. खिडकीशी त्यांची खुर्ची तशीच आहे. आज तिच्यावर एक गिऱ्हाईक बसायला आलं, मी त्याला स्टूल दिलं. स्टुलांना तोटा नाही.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

श्रमबाजाराचं काही खरं दिसत नाही. जे चांगलं आणि झटपट होतं ते पहिल्या महिन्यातच लोकांनी उचललं. बेकर आमची चिठ्ठी घेत नाही, कोळसेवाला घेत नाही. फडताळात आता एकोणतीस स्टुलं, मेणबत्त्या विझवायच्या चौदा कात्र्या आणि एक मासा आहे, लाकडी, साठ तासांचा. माझा पगारही चिठ्ठ्यांतच. दोनशे तासांच्या चिठ्ठ्या खिशात आहेत आणि रात्रीला पाव नाही. घरी सहा स्टुलं नेली. घरमालकीण म्हणाली, भाड्यापोटी सातवं आणाल तर जिन्यावरून खाली टाकीन.

इतके दिवस मला वाटायचं की लोक आमच्या बाजूने नाहीत. पण लोक रोज येतात, बघतात आणि हवं ते नसलं की जातात. त्यांचं काय चुकलं?

गुरुवार, १९ सप्टेंबर

संपलं. लव्हीबाँडसाहेबांनी छोटं भाषण केलं, त्यात ‘मानवजात’ हा शब्द सहादा आला. मग ते लंडनच्या गाडीत बसले. मला कुलूप लावायला सांगितलं.

क्रम्प आपली स्टुलं न्यायला हातगाडी घेऊन आला होता. मी त्याला चढवायला मदत केली. एक फेरी झाली तोवर संध्याकाळ होत आली. मधेच तो थांबला. तो थांबला की मेहुण्याची गोष्ट येते, म्हणून मीही थांबलो.

“ते जाकीट कुणाच्या मापाचं होतं रे?” त्याने विचारलं.

“कुणा आडव्या माणसाचं. घाईत असतो म्हणे.”

“तू बघितलायस त्याला?”

“नाही.”

“मग ती मापं कुणाची घेत होती?”

मी हातातलं स्टूल खाली ठेवलं आणि त्याच्यावर बसलो. हे मान्य करायला हवं की बसायला ते उत्तम आहे. एकतीस तास. उसवलेली शिवण. दोघांना पुरेल एवढा पाव. मी त्यातून जेवणाचा अर्धा तास वजा केला होता! मला कुणीतरी त्या हातगाडीत घालून नदीत लोटायला हवं होतं. क्रम्पला तसं म्हटलं, तर म्हणाला, “आज नको, स्टुलं आहेत.”

मंगळवार, २४ सप्टेंबर

पाच दिवस रोज त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. काय बोलायचं ते ठरत नाही. आणि मायकेलमस तर रविवारी आहे.

बुधवार, २५ सप्टेंबर

गेलो. खोलीच्या मधोमध पेटी होती, अर्धी भरलेली. भाड्याने घेतलेलं सामान परत गेलं होतं.

“काय काम आहे, टँटर?”

“पारख करताना माझ्याकडून चूक झाली,” मी म्हटलं. वाटेत याहून बरं वाक्य तयार केलं होतं, ते ऐन वेळी सुचलं नाही.

“किती तासांची?”

“ते मला सांगता येणार नाही, बाई.”

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. मी धीर करून जाकिटाचं विचारलं. म्हटलं, मला ते हवं आहे, मागाल ते देईन.

“उसवलं,” त्या म्हणाल्या. “कापड विकलं. गाडीभाडं लागतं ना.”

एवढंच. मला वाटलं होतं त्या चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथे उभा राहिलो आणि माझे डोळे भरून आले. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने ते लपवायला खिडकीकडे जायचं असतं, मी तर पेटीकडे वळलो. म्हणून दिसलं की पेटीची पितळी कडी तुटली आहे.

“ही तर बंदच होणार नाही.”

“दोरी बांधेन.”

“दोरी कोव्हेंट्रीपर्यंत टिकत नाही. मी करून देतो. माझाच धंदा आहे तो.”

“शनिवारी दोनची गाडी आहे.”

“अर्ध्या तासाचं काम आहे,” मी म्हटलं.

गुरुवार, २६ सप्टेंबर

सकाळी हत्यारं घेऊन गेलो. जुनी कडी काढली. तिचा घाट मला पटला नाही. नवीन करायची ठरवली. पितळ आणायला घरी परत आलो, घरी होतं ते पसंत पडलं नाही, दुसरं आणलं. दिवस गेला.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

कडी कापली. कानसून काढली. बसवली. बाई बसून बघत होत्या. कडी बिनचूक बसली होती, म्हणून काढली आणि पुन्हा कानस घेतली. दुपारी त्या पाव कापायला लागल्या तेव्हा मी मुद्दाम बघितलं: दोघांना पुरेल एवढाच कापला.

शनिवार, २८ सप्टेंबर

दीड वाजता कडी पेटीवर होती. पावणेदोनला मी ती उतरवली.

“कालच बसली होती ती,” पेलबाई म्हणाल्या. अंगात प्रवासाचा झगा, डोक्याला टोपी.

“मनासारखी नव्हती.”

त्या पेटीच्या झाकणावर बसल्या. मी जमिनीवर, कानस हातात. कोव्हेंट्रीच्या गाडीचं शिंग चौकातून वाजलं, मग पुलाकडून, मग ऐकू यायचं थांबलं. त्यांनी टोपीची फीत सोडली.

“भाऊ वाट बघत असेल. त्याला पत्र घालायला हवं. काय कळवू?”

“कडी झालेली नाही म्हणून कळवा.”

“कधी होईल म्हणून लिहू?”

मी कडी उजेडात धरली, नीट उलटसुलट करून पाहिली.

“वीस-पंचवीस वर्षं तरी लागतील, असं लिहा.”

पेलबाई झाकणावरून उठल्या आणि दौत कुठे बांधून ठेवली ते शोधण्यासाठी त्यांनी पेटी सगळी खाली रिकामी केली.